पाचोळा जिरवायचा कसा?

फेब्रुवारी सरता सरता दख्खनच्या पठारावरची शहरे पाने गाळू लागतात. पर्जन्यवृक्षाच्या बारीक पर्णिका रस्ताभर पसरतात. कडुनिंब बघता बघता उघडा पडतो, पिंपळ पिवळा होऊन झडतो, देशी बदामाची पाने लालभडक होऊन खाली येतात. साग तर त्याआधीच ओकाबोका झालेला असतो. पुणे असो, नाशिक असो की नागपूर, या दिवसांत सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर आणि बंगल्यांच्या हिरवळीवर रोज सकाळी खराटे फिरतात, ढीग लागतात आणि त्यांतले काही ढीग संध्याकाळपर्यंत धुमसायला लागतात.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याच आवारात टेम्पो येतो. त्यात तांबडी माती असते, शेणखताची पोती असतात, युरिया असतो. उन्हाने पिवळ्या पडलेल्या हिरवळीसाठी आणि वाफ्यांसाठी केलेली ही खरेदी. झाडांनी जमिनीतून वर ओढलेले आणि पानांवाटे पुन्हा जमिनीवर टाकलेले अन्न पैसे देऊन बाहेर घालवायचे आणि पैसे देऊनच दुसरीकडचे आत आणायचे, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणाला खटकत नाही. खरे तर तो खटकायला हवा. पडलेली पाने हिरवळीचे नुकसान करू शकतात, यात शंका नाही. पण तीच पाने नीट जिरवली तर गवताखालची माती सुधारते, पाणी कमी लागते आणि खताचा खर्च घटतो. कोणती पाने जागेवर ठेवायची, कोणती हलवायची आणि हलवलेल्या पानांचे पुढे काय करायचे, एवढे ठरवले की निम्मे काम झाले.

झाड काय ठेवून घेते, काय सोडते

युरोप-अमेरिकेत पानगळ थंडीच्या तोंडावर होते. आपल्याकडची बहुतेक पानझडी झाडे पाने टाकतात ती पाणी वाचवण्यासाठी. पावसाळा संपून चार-पाच महिने झालेले असतात, जमिनीतली ओल खोल गेलेली असते आणि पुढे उन्हाळा असतो. प्रत्येक पान हवेत पाणी सोडत राहते, म्हणून झाड पानेच कमी करते. पानातल्या ऑक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते, इथिलिनचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. त्या थरातले पेशींना जोडणारे द्रव्य विरघळले की वाऱ्याची एक झुळूक पुरते.

पान सोडण्यापूर्वी झाड त्यातले मोलाचे पदार्थ माघारी घेते. हरितद्रव्य मोडले जाते, नत्र आणि स्फुरद यांचा साधारण निम्मा वाटा खोडाकडे, फांद्यांकडे परत जातो. कॅल्शियमसारखी द्रव्ये पेशींच्या भिंतींत अडकलेली असल्यामुळे बहुतांशी पानातच राहतात. त्यामुळे जमिनीवर पडलेल्या पिवळ्या पानात कार्बन भरपूर असतो आणि नत्र थोडा. पाचोळ्याबद्दलचे जवळजवळ सगळे व्यावहारिक नियम या एका गोष्टीतून निघतात.

सुक्या पानांत एक भाग नत्रामागे साधारण ४० ते ८० भाग कार्बन असतो. ताज्या कापलेल्या गवतात हेच प्रमाण १५ ते २० च्या आसपास येते. पाने कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना झपाट्याने वाढायला २५ ते ३० भाग कार्बनामागे एक भाग नत्र असे मिश्रण मानवते. नुसती सुकी पाने असली तर त्यांना नत्र कमी पडतो आणि काम रेंगाळते. तीच सुकी पाने मातीत खोल मिसळली तर हे जीव मातीतला नत्र उचलतात आणि काही आठवडे गवत पिवळे दिसते. पाने कुजवताना शेण किंवा हिरवे गवत का घालायचे, याचे उत्तर इथे मिळते.

दुसरी अडचण लिग्निनची. लहानपणी पिंपळाचे पान पाण्यात भिजवून त्याची जाळी वहीत जपून ठेवलेली अनेकांना आठवत असेल. पाण्यातले जिवाणू पानाचा मऊ गर खाऊन टाकतात. शिरा मात्र उरतात, कारण त्या लिग्निनने घट्ट झालेल्या असतात. लिग्निन फोडणे जिवाणूंना फारसे जमत नाही. ते काम मुख्यतः बुरशी करते. ओलसर ढिगात हात घातला की पानांना चिकटलेले पांढरे धागे दिसतात, ते या बुरशीचे. ते पाहून ढीग बिघडला असे समजून फेकून देणारे पुष्कळ जण असतात, वास्तविक ते ढीग नीट चालल्याचे लक्षण आहे.

जमिनीखालचे गिऱ्हाईक

चार्ल्स डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आपले शेवटचे पुस्तक लिहिले ते गांडुळांवर. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या त्याच्या घराभोवती हिरवळ होती आणि तिथली गांडुळे पाने बिळात कशी ओढतात हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले. बिळांतून त्याने वेगवेगळ्या झाडांची २२७ सुकी पाने बाहेर काढून तपासली. त्यांतली ८० टक्के पाने टोकाकडून ओढलेली होती. टोक निमुळते असल्यामुळे तिकडून पान सहज आत जाते. डोळे नसलेला हा प्राणी पानाचा आकार चाचपून निर्णय घेतो, असा निष्कर्ष डार्विनने काढला. पुढे त्याने कागदाचे त्रिकोण कापून तोच प्रयोग करून पाहिला आणि तेही बहुतेक करून निमुळत्या कोपऱ्याकडूनच ओढले गेले.

डार्विनच्या हिरवळीखालची माती वर्षाचा बराच काळ ओली असते. महाराष्ट्रातले वेळापत्रक वेगळे आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची गांडुळे खोल गेलेली असतात आणि जमिनीच्या पृष्ठभागावर मुख्यतः वाळवी काम करते. सह्याद्रीच्या उतारांवरच्या पानझडी रानात चार महिने पाने तशीच पडून राहतात. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच जमिनीवर हे आच्छादन असते, त्यामुळे माती तापत नाही आणि उरलीसुरली ओल टिकते. मृगाचा पाऊस पडला की बुरशी, जिवाणू, गांडुळे आणि वाणी एकदम कामाला लागतात आणि साठलेला पाचोळा भराभर खतात जातो. नेमक्या त्याच वेळी झाडांना नवी पालवी पोसण्यासाठी अन्न हवे असते. भंडारदरा-पुरुषवाडीच्या परिसरात जूनच्या सुरुवातीला चमकणारे काजवेही या साखळीतले आहेत. त्यांच्या अळ्या ओलसर पाचोळ्यात आणि मातीत राहून गोगलगायी खातात.

शहरातल्या मातीला हे आच्छादन मिळत नाही. रोजच्या खराट्याने पानांबरोबर वरची बारीक मातीही निघून जाते. झाडांची मुळे उघडी पडतात, जमीन टणक होते आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. त्यात इमारतीच्या आवारातली माती पुष्कळदा मुरूम आणि राडारोडा यांवर पसरलेला पातळ थर असते. महाराष्ट्रातल्या अनेक शेतजमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली आहे. बांधकामानंतर टाकलेल्या भरावाची स्थिती त्याहून चांगली असण्याचे कारण नाही. अशा मातीवरची हिरवळ सतत पाणी आणि युरिया मागते, यात नवल नाही.

हिरवळीला पान कधी बाधते

आपल्याकडच्या बहुतेक हिरवळी हरळीच्या किंवा तिच्याच निवडक वाणांच्या आहेत. हरळी ही उन्हाची लेक. भरपूर प्रकाश मिळाला तर ती उन्हाळा सोसते, तुडवणे सोसते, खालून पुन्हा फुटते. सावली मात्र तिला सोसत नाही. आंबा, फणस, वड, रबर, देशी बदाम यांची जाड, चिवट पाने थरावर थर साठली की खालचे गवत प्रकाशाला मुकते, पिवळे आणि लांबट होते, विरळ पडते. पावसाळ्यात हाच थर भिजून एकमेकांना चिकटतो. हवा खेळत नाही, गवताचे देठ कुजतात आणि बुरशीचे रोग पसरतात. हिरवळीवरून पाने काढायची रीत पडली ती या अनुभवातून, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

पण थोडी पाने म्हणजे जाड थर नव्हे. वरून पाहिले असता पानांमधून बहुतेक हिरवळ दिसत असेल तर काहीच करण्याची गरज नाही. निम्मी हिरवळ झाकली जाऊ लागली की हालचाल करावी. झाडाच्या जातीनेही फरक पडतो. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, चिंच, सुबाभूळ यांच्या पर्णिका इतक्या लहान असतात की त्या गवताच्या पात्यांमधून आपोआप खाली उतरतात. ही सारी शेंगा धरणारी झाडे आहेत आणि त्यांच्या पानांत नत्रही तुलनेने बरा असतो. अशा झाडाखालची हिरवळ दर सकाळी चकचकीत झाडून काढणे म्हणजे फुकटचे खत गोळा करून फेकणे.

मोठ्या पानांसाठी उपाय चुरा करण्याचा. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकापासून यावर प्रयोग झाले. ओक आणि मेपल यांची पाने गोळा करण्याऐवजी गवत कापण्याचे यंत्र त्यांवरून फिरवून तिथेच बारीक केली गेली. तिथल्या तज्ज्ञांच्या अनुभवाप्रमाणे १५ सेंटिमीटरपर्यंतचा पानांचा थरही अशा रीतीने हिरवळीत जिरवता येतो. गवताचे नुकसान झाले नाही. उलट वसंतात ते लवकर हिरवे झाले आणि डँडेलियनसारखे तण कमी उगवले. गवताच्या बुंध्यांमधली उघडी माती पानांच्या चुऱ्याने झाकली गेल्यामुळे तणांच्या बियांना रुजायला जागा उरली नाही, हे त्याचे एक कारण. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगांत काही वर्षे सतत पानांचा चुरा टाकूनही मातीच्या आम्लतेत दखल घेण्याजोगा बदल दिसला नाही. पानांमुळे माती आंबट होते ही भीती दोन्हीकडच्या बागवानांत आढळते, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा.

मिशिगन, न्यू जर्सी किंवा टोरांटो इथे घर करून राहिलेल्या मराठी कुटुंबांना ही पद्धत जशीच्या तशी वापरता येईल. ऑक्टोबरात तिथली जमीन ओली असते, पाने कोरडी असताना यंत्र फिरवले की पुढे हिवाळाभर चुरा भिजत राहतो. दख्खनवर मात्र पानगळीनंतर हिम येत नाही, वैशाख येतो. कोरड्या जमिनीवरचा चुरा जूनपर्यंत तसाच पडून राहील. म्हणून इथे चुऱ्याचा थर पातळ हवा, आठवड्यातून एकदा थोडा थोडा टाकायला हवा आणि त्यावर नेहमीचे पाणी पडायला हवे. चुरा टाकल्यावर गवत दिसेनासे झाले तर तो जास्त झाला असे समजून उरलेला वाफ्यात हलवावा. कापलेले गवतही त्याच जागी पडू द्यावे, म्हणजे सुक्या पानांना लागणारा नत्र तिथल्या तिथे मिळतो. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये. ओली पाने यंत्रात अडकतात आणि त्यांचा लगदा गवतावर बसतो.

यंत्राचा प्रकारही पाहावा लागतो. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. आपल्याकडच्या बागांत हाताने ढकलायची जी सिलिंडरची यंत्रे दिसतात ती याच घराण्यातली. त्यांची पाती कात्रीसारखी चालतात, उभे गवत सुबक कापतात, पण आडवे पडलेले पान त्यांच्या तावडीत सापडत नाही. चुरा करण्यासाठी आडवे पाते गरगर फिरणारे रोटरी यंत्र लागते. ते नसेल तरी अडत नाही. मार्चच्या दुपारी उन्हात तापलेली पाने इतकी ठिसूळ होतात की फरशीवर पसरून किंवा पोत्यात भरून तुडवली तरी त्यांचा चुरा होतो. तो चाळून बारीक भाग हिरवळीवर आणि जाडा भाग झाडांच्या आळ्यांत घालता येतो.

हिरवळीबाहेरची जागा

जवळजवळ प्रत्येक जुन्या आवारात एक दृश्य सारखे असते. मोठ्या झाडाखाली गोलाकार टक्कल पडलेले असते आणि दरवर्षी तिथे चौरस फुटाच्या भावाने आणलेले लॉनचे गालिचे अंथरले जातात. पुढच्या वर्षी ते पुन्हा विरळ होतात, कारण सावलीत हरळी तग धरत नाही. ती जागा गवतासाठी नाहीच हे मान्य केले की पानांचा मोठा प्रश्न सुटतो. फांद्यांच्या घेराखाली दगडांची किंवा विटांची कड लावावी आणि हिरवळीवरून ओढलेली पाने आत सात ते दहा सेंटिमीटर जाडीने पसरावीत. खोडाला चिकटून ढीग करू नये. वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल ओली राहून कुजते. पाने ओढायला खराट्याऐवजी पंखासारखे पसरट दाताळे वापरले तर माती जागेवर राहते.

पाण्याचा हिशेब केला की या आच्छादनाचे मोल कळते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीतून रोज पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी १०० चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला ५०० लिटर लागतात. झाडाखालचे वर्तुळ गवताऐवजी पानांनी झाकले तर तेवढ्या भागाचे पाणी बरेचसे वाचते, कारण सावली आणि आच्छादन मिळून मातीतले बाष्पीभवन रोखतात. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांसाठी ही बचत छोटी नाही.

त्यातूनही पाने उरतातच. त्यांच्यासाठी जाळीचा पिंजरा हा सर्वांत सोपा उपाय आहे. लोखंडी जाळीचे तीन-साडेतीन फूट व्यासाचे आणि चार फूट उंचीचे गोल कडे करून ते थेट मातीवर उभे करावे. त्यात फूटभर पाने टाकावीत, त्यावर पातळ शेणकाला शिंपडावा किंवा ताजे कापलेले गवत पसरावे, पाणी मारावे आणि पुन्हा पाने. तीन घमेली सुक्या पानांना एक घमेले हिरवे गवत हे साधारण माप चालते. शेण मिळत नसेल तर आधीच्या ढिगातले थोडे अर्धवट कुजलेले खत विरजण म्हणून घालावे.

सगळी गोम ओलाव्यात आहे. मूठभर पाने दाबून पाहावीत. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. महाराष्ट्रात पानांचे ढीग फसतात ते बहुधा कोरडे पडल्यामुळे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर राहून पाण्याने सडल्यामुळे. म्हणून उन्हाळ्यात ढिगावर गोणपाट टाकून आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे आणि मुसळधार पावसात वरून झाकण द्यावे. मिश्रण जमले तर मधला भाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्यात बहुतेक तणांचे बी मरते. महिन्यातून एकदा ढीग खालीवर केला तर तीन ते सहा महिन्यांत काळपट, मातीचा वास येणारे खत मिळते. फणस, वड, साग यांसारख्या चिवट पानांना जास्त वेळ लागतो. निलगिरी आणि सुरू यांच्या पानांत इतर रोपांची वाढ रोखणारे पदार्थ असतात, म्हणून ती थेट हिरवळीवर न पसरता पूर्ण कुजवूनच वापरावीत.

तयार खत चाळून हिरवळीवर अर्धा सेंटिमीटर पसरावे आणि दाताळ्याने किंवा झाडूने गवताच्या बुडाशी सरकवावे. त्याआधी काट्याने जमिनीला भोके पाडली तर ते मुळांपर्यंत पोचते. पावसाची दोन-तीन आठवड्यांची संततधार उघडली की हे काम करण्याजोगी चांगली संधी मिळते.

भीती आणि त्यांची उत्तरे

पाने ठेवायची म्हटले की सोसायटीच्या बैठकीत चार आक्षेप ठरलेले असतात. वाळवी हा पहिला. पाचोळ्यात सापडणारी वाळवी मेलेली पाने आणि काड्या खाते, हिरवे गवत हे तिचे मुख्य खाद्य नाही. ढीग इमारतीच्या भिंतीपासून आणि लाकडी दारांपासून दूर ठेवला तर तिच्यापासून घराला धोका वाढत नाही. साप-विंचवांचा आक्षेप खरा आहे. महिनोन्‌महिने हात न लावलेल्या, दगडविटांत मिसळलेल्या कोरड्या ढिगात ते आसरा घेतात. नियमित हलवला जाणारा, ओला आणि जाळीत बंद ढीग त्यांच्या सोयीचा नसतो. तरीही ढिगात उघडा हात न घालता फावडे वापरावे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ढीग लावू नये.

डासांची अंडी पाण्यात होतात, ओलसर पानांत नव्हे. पण ढिगाभोवती पाणी साचत असेल किंवा बादल्या, झावळ्यांचे खोलगट देठ पडलेले असतील तर त्यांत होतात, म्हणून तेवढी जागा स्वच्छ हवी. चौथा आक्षेप आगीचा. मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या पानांवर पडलेले विडीचे थोटूक पुरते. ओला ढीग सहज पेटत नाही, आणि तो वाहनतळापासून व विजेच्या डीपीपासून लांब ठेवणे ही साधी खबरदारी आहे.

मातीवरचे पान, डांबरावरचे पान

मातीवर पडलेले पान हे खत असते. डांबरावर पडलेले पान पाण्याबरोबर नदीत जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात, तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने याचे मोजमाप केले. शहराच्या एका वस्तीत पानगळीच्या दिवसांत पाऊस येण्याआधी रस्त्यावरची पाने उचलण्यात आली, दुसऱ्या वस्तीत तशी उचलली नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाने उचललेल्या भागात पावसाच्या पाण्यातून वाहून जाणारा एकूण स्फुरद ८४ टक्क्यांनी घटला. भिजलेल्या पानांतून स्फुरद चहासारखा उतरतो, गटारातून तळ्यात जातो आणि तिथे शेवाळ माजवतो. आपल्याकडे पानगळ आणि पहिला पाऊस यांत दोन-तीन महिने मिळतात. रस्त्याकडेची, पावसाळी गटारांच्या तोंडावरची पाने मेअखेरीपूर्वी उचलून मातीवर नेली तर नाले तुंबणे आणि नदीत अन्नद्रव्ये जाणे, दोन्ही कमी होईल. रस्ता झाडायलाच हवा, फक्त झाडलेली पाने योग्य जागी पोचायला हवीत.

जाळणे हा मात्र कुठल्याच बाजूने समर्थन करता येणार नाही असा मार्ग आहे. अर्धवट जळणाऱ्या पानांतून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक संयुगे बाहेर पडतात, आणि सकाळच्या स्थिर हवेत तो धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो. पानातला नत्र हवेत उडून जातो, मागे उरते चिमूटभर राख. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला. तरीही दर मार्चमध्ये धूर दिसतो, कारण जाळणाऱ्याला पाने ठेवायला जागा आणि घेणारा माणूस दाखवलेला नसतो.

घेणारी माणसे आहेत. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने नेमकी ही दोन टोके जोडली. ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत ते पोती भरून ठेवतात आणि ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी किंवा खतासाठी पाने हवी आहेत ते ती घेऊन जातात. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सुकी पाने यांच्या जोरावर फळझाडे, भाज्या वाढवल्या. त्याआधी कित्येक वर्षे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि शहरातल्या हौशी मंडळींना हेच सांगितले होते, की घराभोवतीचा पालापाचोळा हे माती घडवण्याचे भांडवल आहे. कोकणातल्या बागायतदारांना तर हे सांगावेही लागत नाही. तिथे पातेरा गोळा करून गोठ्यात अंथरायचा, आंबा-नारळाच्या आळ्यांत घालायचा, ही जुनी वहिवाट आहे.

शहरातल्या आवारांत अडसर येतो तो कामाच्या व्याख्येत. माळ्याचे काम चांगले झाले की नाही हे जमीन किती कोरी दिसते यावर ठरवले जाते, म्हणून तो एकही पान ठेवत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या कंत्राटात जे लिहिले आहे तेच तो करतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते, आणि पानगळ सुरू व्हायला त्यानंतर चार-पाच महिने असतात. बागकामाच्या कंत्राटात तीन अटी घालायला हा काळ पुरेसा आहे: आवारातले एकही पान जाळायचे किंवा बाहेर टाकायचे नाही, झाडांच्या घेराखालची जागा झाडायची नाही, तिथे पाने पसरायची, आणि उरलेल्या पानांसाठी दोन जाळ्या उभारून त्यांचा ओलावा आठवड्याला तपासायचा. दोन जाळ्यांना लागणारा खर्च एका टेम्पोभर मातीपेक्षा बहुधा कमीच येईल. माळ्याला या जादा कामाचे पैसे द्यावेत, आणि पुढच्या वर्षी माती व खतावर किती खर्च झाला तो आकडा त्याच सभेत सभासदांपुढे ठेवावा.